निळं अंतर्देशीय

"थांबा ताई, आधी एकदा वाचून घेऊ."

हे वाक्य मी चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे त्यांनी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकायचे. माझ्या दुकानाच्या मागच्या भागात, काच कापायच्या टेबलाशी काका बसलेले असत. एका हातात गोंदाचा ब्रश, दुसऱ्या हातात एखादं पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. ब्रश वाटीत ठेवायचा, कार्ड हातभर लांब धरायचं आणि ओठांतल्या ओठांत सगळं वाचून काढायचं, थेट 'लहानांस आशीर्वाद'पर्यंत. मगच त्याला गोंद लागायचा. आणि गोंद लागायचा तो लिहिलेल्या बाजूला, कारण गिऱ्हाइकाला वर तिकीट आणि पोस्टाचे शिक्के दिसायला हवे असत.

माझा जीव वरखाली व्हायचा. "काका, अहो परीक्षा आहे का तुमची? गोंद सुकतोय तिकडे!"

"सुकू द्या, पुन्हा लावू," ते म्हणायचे. "एकदा चिकटवलं की ती बाजू गेली ना ताई. मग कुणी वाचणार नाय. शेवटचं वाचणारं कुणीतरी पायजे."

नाशिक रोडला माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. तुमच्याही गावात असेल असलं एखादं. बाहेर देवांच्या तसबिरी टांगलेल्या, आत आरसे, खाली काचेचा भुगा. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो आणि हार घालायचे फोटो, एवढ्यातच सगळं येतं. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कामाला येईल.

पहिल्यांदा ते आले ते साधी चौकट मागायला. "एकदम साधी द्या. नक्षी नको, सोनेरी पट्टी नको. नुसतं लाकूड."

"फोटो केवढा आहे?"

"फोटो नाय."

"मग आत काय लावणार?"

"ते बघू," म्हणाले, आणि चौकट काखेत मारून गेले. मी मनात म्हटलं, गेलं ध्यान. दहा दिवसांनी काच बसवायला तीच चौकट घेऊन परत आले, तेव्हा मी ती ओळखलीच नाही. सगळ्या लाकडावर खरबरीत लेप, त्यावर फणीने ओढलेल्या रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या. खोलगट जागी तपकिरी, उंचवट्यावर तांब्याचा पुसटसा रंग. आणि कोपऱ्या-कोपऱ्यांत जुन्या काडेपेट्यांवरची चित्रं, एसटीची तिकिटं, एका लग्नपत्रिकेतला गणपती. मी बोटाने कुरवाळत राहिले. माझ्यासारखी बाई दोन मिनिटं गप्प बसली, यावरून काय ते समजा.

"कुठे शिकलात हो?"

"बॉयलरवर," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. तशी नव्हती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी तीस वर्षं काढली होती. गरम वाफेच्या पाइपांना काचेची लोकर गुंडाळायची आणि वरून थापीने जाड लेप द्यायचा, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडत नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा ती थापी सोबत आणली. बायको लग्नानंतर तीन वर्षांतच गेलेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतलेली. "हात थांबेनात," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. भिंतीची पुट्टी, पांढरा गोंद आणि त्यात वस्त्रगाळ केलेली वीजकेंद्राची राख. राख घातली की लेप तडकत नाही, हे त्यांचं स्वतःचं शोधकाम.

ती चौकट मी दुकानात टांगली, तर संध्याकाळच्या आत कुणीतरी घेऊन गेलं. मग रीतच पडली. माझ्याकडच्या साध्या चौकटी, त्यांचा लेप आणि रद्दीवाल्यांकडून आणलेले जुने कागद. हल्ली जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात, लोक माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करतात, आणि आजोबांची पत्रं पोत्यातून रद्दीत जातात. काका ती पोती उपसत बसायचे. निवडलेले कागद बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि तो डबा रोज खोलीवरून दुकानात, दुकानातून खोलीवर न्यायचे. शाळेच्या दप्तरासारखा.

मी एकदा अक्कल पाजळली. म्हटलं, "काका, एक चांगलं पत्र घ्या, त्याच्या शंभर झेरॉक्स काढू. चहाच्या पाण्यात बुडवल्या की होतात जुन्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलंय. "नको ताई. त्या कागदाला काहीच झालेलं नसतं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय खरं सांगू का, त्या पत्रांनी त्यांचा वेळ जात होता. नुसता वेळ नाही, घर भरत होतं. पिंपळगावहून कुणीतरी मेहुण्याला लिहिलेलं एक कार्ड होतं, 'द्राक्षांची छाटणी उरकली की बाळास पाहावयास येतो.' ते चिकटवून, फ्रेम विकूनसुद्धा झाली. आठवड्याने चहा पिता पिता काका म्हणतात, "पण छाटणी म्हटल्यावर महिनाभर तरी लागला असेल."

"कुणाची छाटणी?"

"त्या पिंपळगाववाल्याची हो. तोवर बाळ मोठं झालं असेल. गेला असेल ना पण?"

"अहो काका, ते बाळ आता रिटायर झालं असेल!"

ते हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मला वाटतं गेला असेल." जिला सून छळत होती ती म्हसरुळची सासू, परीक्षेत तीनदा नापास झालेला कुणी एक, तार मिळाली का म्हणून विचारणारा एक बाप, हे सगळे त्यांच्या बोलण्यात असे यायचे, जणू कालच भेटून गेलेत. त्यांना भेटायला मात्र मी कधी कुणी आलेलं पाहिलं नाही. दिवाळीत गल्लीतल्या पोरी ओवाळायला गेल्या तर दाराला कुलूप. सणाच्या दिवशी ते नेमके सिन्नरच्या नाहीतर कुठल्यातरी गाडीत बसून दिवसभर हिंडून यायचे. "एसटीत माणसं असतात," म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला लिहायचं का हो कुणी पत्र?"

"लिहिलं एकदा," ते म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मीही तो विषय तिथेच सोडला.

त्यानंतरच्या श्रावणात मोठं काम आलं. गंगापूर धरणाच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट होत होतं. बारा खोल्या, प्रत्येक खोलीत एक फ्रेम, 'जुन्या काळचा फील' हवा. मॅनेजर रोज फोन करून डोकं खायचा. शनिवारी उद्घाटन. नऊ फ्रेम झाल्या आणि काका तापाने आडवे झाले. मी डबा आणि थापी त्यांच्या खोलीवरून घेऊन आले. "तुम्ही पडून राहा. तीनच तर राहिल्यात. चार वर्षं बघतेय, मला येतं सगळं."

"कागदाला सपाट जागा ठेवा," ते गोधडीतून म्हणाले. "रेघांवर लावू नका. आणि आधी..."

"माहितीये, माहितीये!" मी म्हटलं आणि जिना उतरले.

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. लेप दिला, फणी फिरवली, आणि सपाट जागा ठेवायला विसरले. म्हटलं, चालतंय, कोण बघतंय. दोन फ्रेम उरकल्या. तिसरीला सजवायला डब्यात ढंगाचं काही उरलं नव्हतं. तळाशी हात घातला तर एक अंतर्देशीय पत्र निघालं. तुम्हाला आठवत असेल तो निळा रंग. एवढ्या पिवळ्या कागदांत तो असा उठून दिसला, की मला हर्ष झाला. त्याच्या कडा चिकटलेल्याच होत्या. मी कानाला फोन लावून मॅनेजरशी बोलत बोलत कटरने तिन्ही कडा फोडल्या, पत्र उलगडलं, त्याच्या चार पट्ट्या कापल्या, लिहिलेल्या बाजूला सढळ हाताने गोंद फासला आणि चारी बाजूंना बसवून टाकल्या. वरून व्हार्निश. एक ओळही वाचली नाही. कडा अजून चिकटलेल्या आहेत म्हणजे हे पत्र कुणी उघडलेलंच नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पाच-सहा दिवसांनी काका आले. गाल बसलेले, पण आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. डबा पुढ्यात ओढला. एकेक कागद बाजूला ठेवत तळापर्यंत गेले. मग पुन्हा वरपासून.

"ताई, खाली एक निळं अंतर्देशीय होतं."

"होतं ना! काय सुंदर रंग होता हो. शेवटच्या फ्रेमला लावलं. मॅनेजर जाम खूश झाला."

ते स्टुलावर बसले. डब्याचं झाकण तिरकंच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मीपण नाय वाचलं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते हे. सटाण्याकडचं त्यांचं गाव. आई आणि धाकटी बहीण. बहीण जवळच्याच गावात दिलेली. आई गेली ती भाद्रपदात, ऐन पावसात. काका तेव्हा बॉयलरच्या मोठ्या दुरुस्तीत आत अडकलेले, निरोप उशिरा पोचला. ते गावात पोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. लोक थांबायला तयार नव्हते, घरात दुसरं कुणी पुरुषमाणूस नव्हतं, म्हणून बहिणीनेच आईला अग्नी दिला होता. आणि काकांनी चारचौघांत तिला विचारलं, एक रात्र थांबवता आलं नाही का तुला? आजपासून मला बहीण नाय.

दोन महिन्यांनी हे पत्र आलं. त्यांनी उघडलं नाही. आधी रागाने नाही उघडलं. मग राग उतरला, तेव्हा भीतीने. आत शिव्या असतील तर? आणि शिव्या नसतील तर? अशी पंचवीस वर्षं गेली. चार वर्षांमागे नाशिक रोडच्या स्टँडवर गावचा एक माणूस भेटला आणि त्याने सहज सांगितलं की बहीण वारली.

"मग उघडावंसं वाटायला लागलं," काका म्हणाले. "डब्यात तळाशी ठेवलं. लोकांची वाचता वाचता एक दिवस तिचंपण वाचू म्हटलं. रोज वाटायचं, आज उघडू."

आता बघा माझं तोंड. मला माझी चूक इतकी झोंबली की मी उसळून म्हणाले, "मग वर चिठ्ठी लावायची होती, वापरू नका म्हणून! मला काय स्वप्न पडतं?"

"खरंय तुमचं," ते म्हणाले.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. मी दुकानाचं शटर ओढलं, एक तयार फ्रेम काखेत घेतली आणि म्हटलं, "चला. आत्ता. रिसॉर्टला."

रिक्षा केली. मॅनेजर सिन्नरचा होता, कामसू पण कटकट्या. "आता ताई, लावलेली फ्रेम काढायची म्हणजे भिंतीला डाग दिसेल, गेस्ट आहेत रूममध्ये," असं बरंच काही त्याने सुरू केलं. मी त्याला एवढंच म्हटलं, "भाऊ, त्यांच्या बहिणीचं पत्र आहे त्यात. चुकून गेलंय." मग मात्र तो मुकाट्याने पुढे झाला.

खोलीत मुंबईचं एक जोडपं होतं. पलंगाच्या वर भिंतीवर आमची फ्रेम, आत द्राक्षाच्या घडाचा फोटो, आणि भोवती ते निळं. ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "हे खरं जुनं पत्र आहे का, काका? की प्रिंट आहे?"

"खरं हाये," काका म्हणाले. आणि मग कुणी विचारलं नसताना हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मन्ही बहीण शे ती." माझी बहीण आहे ती. त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

पुढच्या दोन दुपारी आम्ही ती फ्रेम सोडवत बसलो. कोमट पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं, निळ्या पट्टीवर ठेवायचं, थांबायचं, थापीच्या टोकाने कड उचलायची. मी गोंद इतका फासला होता आणि व्हार्निश असं चोपडलं होतं, की कागद उचलला जाईना, त्याचा लगदा व्हायला लागला. पहिली पट्टी अशीच गेली. दुसरीही. काका लगदा बोटाने गोळा करून बशीत ठेवत होते. मग मला दिसलं, की जिथे कागद लेपाला घट्ट बसला होता तिथे बॉलपेनची शाई खाली उतरलीय. अक्षरं होती, पण उलटी.

फ्रेमच्या दुकानात आरशाला काय तोटा! मी हाताएवढा तुकडा आणला आणि धरला. रेघांच्या माथ्यावर कुठे कुठे शब्द उभे होते. खोलगट जागी काही नाही. सपाट जागा ठेवली असती तर अख्खं पत्र उतरलं असतं.

"तुम्ही वाचा," काका म्हणाले. "मला नाय जमणार."

जिने चार वर्षांत एक पोस्टकार्ड वाचायची तसदी घेतली नव्हती, तिने मग ते वाचलं. आरसा हलवत, मान वाकडी करून, एकेक शब्द.

"'ती. दादास.' मग काही नाही. 'आईची गोधडी.' काही नाही. 'तू रागात...' पुढचं नाही लागत. 'भाऊबीजेला ये.' हे स्वच्छ आहे काका, 'भाऊबीजेला ये. पाट मांडते.' आणि मग..." मी आरसा जवळ नेला. "'नाही आलास तरी'."

"पुढं?"

पुढे माझ्या फणीची खोल रेघ होती. तिच्यापुढे लाकडाचा कोपरा.

"पुढं काही नाही, काका."

त्यांनी आरसा माझ्या हातातून घेतला, स्वतः धरून पाहिला, परत दिला. "राग दिसतो का हो ताई, अक्षरात?"

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. 'नाही आलास तरी मी रागावणार नाही,' असं सरळ वाचून दाखवता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. पण ज्या माणसाने मला चहाच्या पाण्यात कागद बुडवू दिले नाहीत, त्याला मी काय सांगणार होते? मी नाही म्हणून मान हलवली आणि रडायला लागले. त्यांनीच मग मला पाणी आणून दिलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ते काम करायचे, कागद वाचायचे, पण मध्येच ब्रश थांबायचा. "नाही आलास तरी डबा पाठवते, असं असेल का? तिला सवय होती डबा पाठवायची." मी म्हणायचे, असेल. तासाभराने, "नाही आलास तरी पुन्हा लिहिणार नाय, असं पण असेल." मी म्हणायचे, तसं नसेल हो. "तुम्ही कशावरून म्हणता?" मी काच पुसायला लागायचे. चार वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांचं पुढे काय झालं असेल याचा विचार करणारा माणूस आता त्या तीन शब्दांपाशी अडकून पडला होता, आणि तिथे त्याला मी नेऊन सोडलं होतं. पत्र अख्खं होतं तोवर त्यांना निदान एक आशा होती.

दिवाळी आली. मी त्यांना म्हटलं, "काका, या वेळी गाडीत बसून हिंडायचं नाही. भाऊबीजेला माझ्याकडे यायचं. मी ओवाळणार तुम्हाला. लहान आहे म्हणून काय झालं?"

त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. "नको ताई," म्हणाले. "एक पाट मांडलेला राहिलाय माझा."

भाऊबीजेला पहाटेच्या गाडीने ते सटाण्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले तेव्हा मी हातातलं काम टाकून धावले. "काय झालं? कोण होतं घरी?"

"जाऊन आलो. भाचा नव्हता, सून होती. चांगली हाये. मांडे केले होते." बस. त्यावर एक अक्षर नाही. मी खोदून खोदून विचारलं, तर हसले आणि कामाला लागले. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून 'नाही आलास तरी'चा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटलं, तिथेही काही कळलं नसेल, बिचाऱ्यांनी नाद सोडला. मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

माघात एका सकाळी ते उठलेच नाहीत. खोलीच्या भिंतीवर एका कागदावर फोन नंबर लिहून टाचणीने लावलेला होता, त्यावर घरमालकाने फोन केला. सटाण्याहून भाचा आणि त्याची बायको आली. सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी ती सून माझ्या दुकानात आली, बिस्किटांचा डबा आणि थापी घेऊन. माझ्याहून लहान, साधी, डोक्यावर पदर. म्हणाली, "मामांच्या खोलीत हे होतं ताई. तुमचं असंल म्हणून आणलं."

मी तिला बसवलं. चहा सांगितला. आणि मग मला राहवेना. "भाऊबीजेला आले होते ना तुमच्याकडे? काही बोलले का?"

"बोलले ना. आधी मी ओळखलंच नाही. दारात उभं राहून म्हणे, मी तुझ्या सासूचा भाऊ. मग जेवले. जेवल्यावर मला विचारलं, तुझी सासू भाऊबीजेला काय करायची गं?"

"मग?"

"मग मी सांगितलं. पाट मांडायची, भोवती रांगोळी घालायची. दिवसभर वाट बघायची. दरवर्षी. शेवटच्या वर्षी उठता येईना, तर माझ्याकडून मांडून घेतला. आणि दिवस मावळला की तबक घेऊन धाब्यावर जायची, घराच्या गच्चीवर, आणि चंद्राला ओवाळायची. आम्ही चेष्टा करायचो ताई, की चंद्राला तर ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात, तुमचा तर नाशकात आहे म्हणता. तर म्हणायची, 'नही उना तरी भाऊ शे ना मन्हा.'"

नाही आला तरी भाऊ आहे ना माझा. म्हणजे त्यांना कळलं होतं. तीन महिने ते कळलेलं घेऊन माझ्यासमोर बसले होते, आणि मला सांगितलं नाही. ते त्यांचं होतं, माझ्याशी त्याचा काय संबंध? पण खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी फार एकटंही वाटलं.

"मामांनी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "संध्याकाळची शेवटची गाडी निघायला अजून वेळ होता. म्हणाले, मला धाबं दाखव. मी वर नेलं आणि खाली चहा ठेवायला आले. चहा झाला, हाक मारली, तर ओ नाही. म्हणून पुन्हा जिना चढून गेले. बीजेची कोर ती, किती वेळ राहते! डोंगराला टेकली होती. मामा तिच्याकडे तोंड करून सरळ उभे होते, आणि ओवाळून घेताना पुरुषमाणूस ठेवतो ना, तसा खिशातला रुमाल काढून त्यांनी डोक्यावर ठेवला होता."